रोपं पिवळी पडली, म्हणजे नेमकं काय झालं?

घरात पहिल्यांदाच रोपं करणाऱ्याला साधारण तिसऱ्या आठवड्यात पहिला धक्का बसतो. खिडकीशी किंवा एलईडी ट्यूबखाली ठेवलेल्या ट्रेमध्ये मिरची-टोमॅटो छान उगवून आलेले असतात आणि एका सकाळी त्यातली पाच-सहा रोपं पिवळी दिसतात. मग धावपळ सुरू होते. एक जण सांगतो खत कमी पडलंय, दुसरा सांगतो पाणी वाढवा, तिसरा एप्सम सॉल्टची पुडी आणून देतो. तिन्ही उपाय एकाच दिवशी झाले की जी रोपं आपली आपण सावरली असती तीही जातात. असे ट्रे मी बरेच पाहिलेत, त्यातला एक माझाच होता. म्हणून हे जरा सविस्तर लिहिते आहे.

आपल्याकडे शेतात पिवळेपणाला ‘केवडा’ म्हणतात. उसावर केवडा पडतो तो बहुधा लोहाच्या कमतरतेने. काकडी-दोडक्यावरचा केवडा बुरशीचा. मूग-उडदावरचा पांढऱ्या माशीने पसरवलेल्या विषाणूचा. शब्द एकच, पण दुखणी तीन वेगवेगळी, आणि एकाचं औषध दुसऱ्याला चालत नाही. घरातल्या ट्रेचंही तसंच आहे. त्यामुळे आधी रंग सोडून जागा बघायची. पिवळं पान खालचं आहे की शेंड्याचं? पूर्ण पान पिवळं आहे की शिरा हिरव्या राहिल्यात?

सगळ्यात खालची दोन पानं पिवळी झाली म्हणून पुष्कळ जण घाबरतात. मिरची-टोमॅटोची ती पहिली दोन निमुळती पानं म्हणजे बीजदलं. सुरुवातीचे दिवस रोप त्यांच्यावरच काढतं. खऱ्या पानांच्या दोन-तीन जोड्या आल्या की बीजदलं पिवळी होऊन गळतात, त्याला काही करावं लागत नाही. पहिलं खरं पान उघडायच्या आतच ती पिवळी पडली तर मात्र खाली मुळाकडे बघायला हवं.

“पिवळं पडलं म्हणजे पाणी कमी झालं.” घरातल्या रोपांच्या बाबतीत बहुतेक वेळा नेमकं उलट असतं. माझ्या पहिल्या 98 कप्प्यांच्या प्रो-ट्रेवर मी सकाळ-संध्याकाळ स्प्रेने पाणी मारत होते, कारण वरचं कोकोपीट लगेच कोरडं दिसायचं. दोन ओळी पिवळ्या पडल्या. त्यातलं एक रोप खालून बोटाने ढकलून गड्ड्यासकट बाहेर काढलं. वरचा अर्धा सेंटिमीटर कोरडा होता आणि खालचा भाग इतका ओला, की चिमटीत धरल्यावर पाणी गळलं. मुळं तपकिरी, वास आंबूस. काठावरच्या कप्प्यातलं, जिथे स्प्रे नीट पोचत नव्हता, तिथलं रोप काढलं तर मुळं पांढरी शुभ्र आणि गड्ड्याभोवती जाळी विणल्यासारखी. त्याची पानं हिरवीगार होती.

कारण साधं आहे. मुळांना श्वासाला प्राणवायू लागतो आणि तो माध्यमातल्या पोकळ्यांतून मिळतो. त्या पोकळ्या पाण्याने भरल्या की मूळ गुदमरतं आणि अन्नद्रव्यं समोर असूनही उचलू शकत नाही. त्यात कप्पा उथळ. कुठल्याही कुंडीच्या तळाशी काही उंचीपर्यंत पाणी धरून राहतंच, भोक असलं तरी. उंच कुंडीत हा थर एकूण उंचीच्या मानाने लहान असतो. चार-पाच चहाचे चमचे कोकोपीट मावणाऱ्या कप्प्यात मात्र तो जवळजवळ अर्धी जागा व्यापतो. म्हणून वरून कोरडं आणि आतून चिखल, असं एकाच वेळी असू शकतं.

याच कारणाने कुंडीच्या तळाशी खडे घातल्याने निचरा सुधारत नाही. बारीक मातीतलं पाणी ती माती पुरती भिजल्याशिवाय जाड खड्यांत उतरत नाही, त्यामुळे ओला थर खाली जाण्याऐवजी मुळांजवळ वर सरकतो. भोकावर खापराचा एक तुकडा ठेवला तर ठीक, तो माती अडवण्यासाठी.

पाणी कधी द्यायचं हे ट्रे उचलून ठरवावं. भिजवलेला ट्रे आणि सुकत आलेला ट्रे यांच्या वजनातला फरक दोन दिवसांत हाताला कळतो. हलका लागला की ट्रे पसरट भांड्यातल्या पाण्यात दहा मिनिटं ठेवायचा आणि मग पुरता निथळू द्यायचा. खालच्या थाळीत साचलेलं पाणी ओतून द्यायचं. ट्रेभोवती बारीक काळी चिलटं घोंघावत असतील तर पाणी जास्त होतंय हे वेगळं सांगायला नको. त्यांच्या अळ्या ओल्या कोकोपीटमध्येच वाढतात आणि कोवळी मुळं खातात. देठ जमिनीलगत पाण्याने भरल्यासारखा मऊ होऊन रोप आडवं पडलं तर ती ‘रोप कोलमडणे’ची बुरशी. ते रोप वाचत नाही. ते काढून टाकून शेजारच्या कप्प्यांचं पाणी तोडावं.

“खत घातलं की हिरवं होईल.” कधी कधी होतं. कोकोपीटमध्ये स्वतःचं पोषण फारसं नसतं, त्यामुळे खऱ्या पानांची जोडी आल्यावर रोपाला थोडं खत लागतंच. नत्र कमी पडलं तर खालची, जुनी पानं सरसकट पिवळी होतात, कारण नत्र झाडात हलू शकतं आणि रोप जुन्या पानांतून ते काढून शेंड्याला पुरवतं. अशा वेळी पाण्यात विरघळणारं 19:19:19 लिटरला अर्धा ग्रॅम पुरतं. त्यातून 95 मिलीग्रॅम नत्र मिळतं. आता चमचाभर, म्हणजे साधारण 5 ग्रॅम युरियाचा हिशेब करू. त्यात 46 टक्के नत्र, म्हणजे लिटरला 2,300 मिलीग्रॅम, चोवीस पट. एवढ्या क्षाराने मुळातलं पाणीच बाहेर खेचलं जातं आणि पानांच्या कडा करपतात. ज्याची मुळं आधीच गुदमरलेली आहेत त्याला तर खत देणं म्हणजे आजाऱ्याला पुरणपोळी वाढणं.

पिवळेपणा शेंड्याकडून सुरू झाला असेल तर गोष्ट वेगळी. नवी पानं पिवळी आणि शिरा मात्र हिरव्या, अशी जाळी दिसली तर तो लोहाचा प्रश्न. लोह झाडात सहज हलत नाही, म्हणून नव्या पानाला ते जुन्याकडून मिळत नाही. बहुधा लोह माध्यमात असतंच, पण सामू 7 च्या वर गेला की ते अविद्राव्य होतं. कोकोपीटमध्ये सामू 5.5 ते 6.5 च्या दरम्यान असावा. आपल्याकडच्या अनेक बोअरच्या पाण्यात बायकार्बोनेट भरपूर असतात आणि प्रत्येक पाण्याबरोबर ते सामू चढवत नेतात. नळावर, किटलीच्या तळाशी पांढरी खपली धरत असेल तर आपलं पाणी त्यातलंच. अशा पाण्यात नुसतं हिराकस विरघळवून ठेवलं तर थोड्या वेळात तळाशी गंजासारखा गाळ बसतो, म्हणजे लोह रोपाला मिळायच्या आधीच वाया गेलं. चिलेटेड लोह घ्यायचं तर पाकिटावर बघून घ्यावं. ईडीटीए हे सामू 6.5 पर्यंत टिकतं, त्यापुढे ईडीडीएचए लागतं. त्याहून सोपं म्हणजे पावसाचं साठवलेलं पाणी, किंवा उकळून, गार करून, वरचं निवळ ओतून घेतलेलं पाणी. उकळल्याने बायकार्बोनेटचा बराच भाग खपली होऊन खाली बसतो.

याच जागी आणखी एक चांगल्या हेतूची चूक होते. आरओ फिल्टरमधून बाहेर पडणारं पाणी वाया जाऊ नये म्हणून ते रोपांना घालतात. त्यात मूळ पाण्यातले क्षार दाटून आलेले असतात. फरशी पुसायला, संडासात ओतायला ते उत्तम आहे, पण कोवळ्या रोपांना नको. नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनवर मात्र उगीच आळ येतो. पिण्याच्या पाण्यात ते लिटरला मिलीग्रॅमच्या अंशात असतं, त्याने रोप पिवळं पडत नाही.

एप्सम सॉल्ट म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट, त्यात नत्र नाही की लोह नाही. जुन्या पानांवर शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा, एवढ्या एकाच खुणेला त्याचा उपयोग. न धुतलेल्या कोकोपीटमध्ये ही खूण दिसू शकते, कारण कोकोपीट कॅल्शियम-मॅग्नेशियम धरून ठेवतं आणि सोडियम-पोटॅशियम सोडतं. म्हणून वीट भिजवल्यावर दोन-तीनदा पाणी बदलून पिळून घ्यावी.

“खोलीत उजेड भरपूर आहे.” आपल्या डोळ्यांना तसं वाटतं. उघड्यावरचं दुपारचं ऊन सुमारे 1,00,000 लक्स असतं आणि दिवे लावलेला दिवाणखाना 100 ते 300. रोपाला 10,000 च्या आसपास तरी लागतो. उजेड कमी म्हणजे काय होतं हे आपण दर नवरात्रात बघतो. घटाभोवती मातीत पेरलेलं धान्य देवघराच्या कोपऱ्यात, नंदादीपाच्या प्रकाशात नऊ दिवसांत वीतभर वाढतं, पण उंच, नाजूक आणि फिकट पिवळं. दसऱ्याला आपण ते कानावर खोवतो. तेच गहू अंगणात पेरले तर बुटके आणि हिरवेगार येतात. हरितद्रव्य तयार होण्याच्या साखळीतली एक पायरी उजेडाशिवाय पुरी होत नाही, आणि अंधारात रोप असलेली सगळी शक्ती उजेड शोधत उंच जाण्यात घालवतं. ट्रेमधली रोपं लांबट, लेचीपेची आणि पिवळसर असतील तर खत ठेवून द्या आणि दिवा खाली आणा. साधी पांढरी एलईडी ट्यूब चालते, जांभळाच दिवा हवा असं नाही. शेंड्यापासून वीतभर अंतर, रोज 14 ते 16 तास. जोरदार ग्रो-लाइट असेल तर अंतर वाढवावं, कारण फार जवळून शेंड्याचीच पानं पांढुरकी पिवळी होतात.

राहिलेल्या गोष्टी थोडक्यात. वापरलेल्या चहापावडरीत साखर-दूध असतं, त्याने मुंग्या आणि बुरशी येते. अंड्याची टरफलं रोपाच्या वयात विरघळतच नाहीत. डिसेंबर-जानेवारीच्या रात्री खिडकीतला ट्रे गारठतो आणि मुळं मंदावतात, तेव्हा तो रात्री आत घ्यावा. पानावर सुईने टोचल्यासारखे पिवळे ठिपके असतील तर पान उलटून भिंगाने बघावं, बहुधा कोळी सापडतो.

ज्या दिवशी पिवळं पान दिसेल त्या दिवशी फक्त एक रोप गड्ड्यासकट बाहेर काढून मुळं बघा आणि एकच गोष्ट बदला. मग पाच-सहा दिवस थांबा. जुनं पिवळं पान बहुधा परत हिरवं होत नाही, त्यामुळे त्याच्याकडे बघून उपयोग नाही. शेंड्यातून येणारं पुढचं पान कोणत्या रंगाचं उघडतंय, तेवढं बघायचं.