समुद्र सगळ्यांचा! कोपनहेगनच्या आमागर किनाऱ्यावर एक दिवस

परदेशातला समुद्रकिनारा म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर सिनेमातले चित्र उभे राहते. रंगीत छत्र्या, महागडी हॉटेले, दारावर पहारेकरी. हा सारा श्रीमंतांचा शौक आहे, नोकरदार-कष्टकरी माणसाने तो लांबूनच पाहावा, असे आपण मनोमन धरून चालतो. डेन्मार्क या छोट्या देशाच्या राजधानीत, म्हणजे कोपनहेगनमध्ये, आम्ही जो किनारा पाहिला त्याने आमची ही समजूत पार पुसून टाकली. त्याची हकीकत वाचकांपुढे ठेवावी, म्हणून हा लेखनप्रपंच.

आमचा पुतण्या तिकडे नोकरीला आहे. त्याच्या आग्रहावरून ऑगस्ट महिन्यात आम्ही उभयता तिकडे गेलो. राजवाडे झाले, संग्रहालये झाली. पण खरा आनंद दिला तो आमागर स्ट्रँडपार्क या किनाऱ्याने. आमागर हे बेट कोपनहेगनला अगदी लागून आहे; शहराचा मोठा भाग याच बेटावर वसला आहे. ‘स्ट्रँड’ म्हणजे समुद्रकिनारा.

डबा घेऊन निघालो

सकाळी घरातून चपात्या, बटाट्याची भाजी आणि पाण्याच्या बाटल्या घेऊन निघालो. मेट्रो गाडीला चालक नाही. सारा कारभार यंत्रावर. कोपनहेगनची ही मेट्रो 2002 साली सुरू झाली आणि 2007 साली या किनाऱ्याकडून पुढे विमानतळापर्यंत गेली. डब्यात बाबागाड्या होत्या, सायकली होत्या, काठी टेकत आलेले म्हातारे होते. शहराच्या मध्यभागातून दहा-बारा मिनिटांत आम्ही आमागर स्ट्रँड स्टेशनवर उतरलो. तिथून चालत गेलो की समोर समुद्र.

आमच्या घरच्यांनी सवयीने विचारले, “तिकीटखिडकी कुठे आहे रे?” पुतण्या म्हणाला, “काकी, इथे तिकीटच नसते.” संडास, पाण्याचे नळ यांची सोय सार्वजनिक. कुणी दाराशी अडवत नाही, कारण दारच नाही. वाळूत चटई अंथरली आणि आम्ही बसलो. शेजारी एक तुर्की वाटणारे कुटुंब होते, पलीकडे गोऱ्या आजीबाई लोकर विणत होत्या. आमच्या घरच्या पंजाबी ड्रेसवरच गुडघाभर पाण्यात उभ्या राहिल्या. कुणी वळून पाहिले नाही. कुणी किती कपडे घातले, याची तिकडे चौकशी नसते.

हा किनारा माणसांनी बांधला

इथला मूळ किनारा 1934 साली लोकांसाठी खुला झाला. पण पाणी उथळ, त्यामुळे पोहणाऱ्यांची पंचाईत होई. पुढे 2005 साली त्याच्या समोर समुद्रात वाळू टाकून सुमारे दोन किलोमीटर लांबीचे नवे बेट तयार करण्यात आले. जुना किनारा आणि नवे बेट यांच्या मध्ये पाण्याचा एक लांबट पट्टा राहिला. ते झाले लहान मुलांचे तळे! तिथे लाट जवळजवळ नसतेच. दोन-तीन वर्षांची पोरे घोट्याएवढ्या पाण्यात बादल्या भरत बसतात. बेटाच्या बाहेरच्या अंगाला पाणी खोल आहे. तिथे पोहणारे पोहतात. म्हणजे एकाच ठिकाणी लेकरांची आणि मोठ्यांची, दोघांची सोय. बेटावर जायला पूल आहेत. उत्तरेकडचा भाग वाळूच्या टेकड्यांचा आणि गवताचा, तर दक्षिणेकडचा भाग फरसबंदी वाटेचा.

समुद्र शांत असण्याला निसर्गाचीही मदत आहे. ही ओरेसुंदची सामुद्रधुनी. समोर थोड्याच अंतरावर स्वीडन देश आहे, त्यामुळे मोठ्या लाटा तयार व्हायला मोकळा समुद्रच नाही. भरती-ओहोटीचा फरकही जेमतेम वीतभर. बाल्टिक समुद्राचे गोडसर पाणी मिसळत असल्याने खारटपणा आपल्या समुद्रापेक्षा बराच कमी. किनाऱ्यावरून 2000 साली खुला झालेला स्वीडनला जाणारा पूल दिसतो. तो जवळपास आठ किलोमीटर लांब आहे. डावीकडे पाण्यात 20 पवनचक्क्यांची रांग दिसते. त्याही 2000 सालच्याच. त्या उभारताना निम्मा हिस्सा एका सहकारी संस्थेने उचलला होता आणि तिचे आठ हजारांहून अधिक सभासद ही साधी माणसे होती.

ज्याला मैल्याचे बेट म्हणत

आता या जागेचा इतिहास ऐका. 1521 साली डेन्मार्कच्या राजाने हॉलंडमधून शेतकरी कुटुंबे आणून आमागरवर वसवली. त्यांनी भाजीपाला पिकवावा आणि राजधानीला पुरवावा, हा हेतू. पुढे शहर वाढले. तेव्हा घरोघरी पाण्याचे संडास नव्हते. शहरातला मैला गाड्यांत भरून या बेटावर आणून टाकला जाई. त्यावरून शहरातले लोक आमागरला नाक मुरडून ‘मैल्याचे बेट’ म्हणू लागले. भाजी याच बेटाची खायची आणि नावे त्यालाच ठेवायची! कारखाने आले, कामगारांच्या चाळवजा इमारती उभ्या राहिल्या, पण नाव चिकटले ते चिकटलेच. पुतण्याचे शेजारी एक निवृत्त कामगार आहेत. त्यांच्या लहानपणी आमागरचा पत्ता सांगायला मुलांना संकोच वाटे, असे ते म्हणाले.

शहराच्या बंदराचीही तीच कथा. सांडपाण्यामुळे 1950 च्या दशकात बंदरात पोहायला मनाई झाली होती. मग नगरपालिकेने सांडपाण्याच्या व्यवस्थेवर वर्षानुवर्षे पैसा खर्च केला. जोराचा पाऊस आला की गटारे तुंबून घाण बंदरात जाई, म्हणून जमिनीखाली प्रचंड टाक्या बांधल्या. पाऊस ओसरला की ते पाणी शुद्धीकरण केंद्राकडे पाठवायचे. असे करता करता 2002 साली बंदरातच, आमागरच्या कडेला, लोकांसाठी फुकट स्नानाची जागा सुरू झाली. ज्या पाण्यात उतरायला बंदी होती त्याच पाण्यात आज पोरे उड्या मारतात. हा चमत्कार नव्हे. कराच्या पैशाचा हिशेब नीट लागला, की असे होते.

हक्क कागदावर आला

पण किनारा स्वच्छ झाला म्हणजे तो गरिबाला मिळतोच असे नाही. उलट जागा चांगली झाली की पैसेवाल्याची नजर आधी पडते. डेन्मार्कमध्ये याचा बंदोबस्त कायद्याने केला. 1937 च्या निसर्गरक्षण कायद्याने किनारे लोकांना फिरायला खुले केले आणि किनाऱ्यापासून 100 मीटरच्या आत नवे बांधकाम रोखले. ही मर्यादा 1994 साली शहराबाहेर 300 मीटरपर्यंत वाढवण्यात आली. किनाऱ्याची जमीन खाजगी मालकीची असली तरी कुणालाही तिथून पायी जाता येते, थोडा वेळ बसता येते, पाण्यात उतरता येते. मालकाच्या घराला अगदी खेटून मात्र बसायचे नाही; तेवढे अंतर कायद्यानेच ठरवून दिले आहे. कोणीही असो, भिंत घालून समुद्र अडवता येत नाही.

आणखी एक गोष्ट आम्हांला महत्त्वाची वाटली. किनारा खुला आहे, पण कामगाराला रजाच नसेल तर त्याचा उपयोग काय? डेन्मार्कमध्ये 1938 च्या कायद्याने कामगाराला दोन आठवड्यांची पगारी रजा मिळाली. आज ती पाच आठवड्यांची आहे. कामगार संघटनांनी लावून धरले म्हणून हे झाले. आधी किनाऱ्याचा हक्क आणि पाठोपाठ रजेचा हक्क, हा क्रम लक्षात घेण्यासारखा आहे. रजा, स्वस्त गाडी, फुकट प्रवेश आणि स्वच्छ पाणी, या चार गोष्टी एकत्र आल्या तरच कष्टकऱ्याचे कुटुंब समुद्रावर पोचते.

पाच नियम

पाणी शांत असले तरी तिकडचे लोक गाफील नसतात. उन्हाळ्याच्या दिवसांत जीवरक्षक मनोऱ्यावर बसलेले असतात. लाल-पिवळे निशाण म्हणजे जीवरक्षक हजर आहेत. लाल निशाण म्हणजे पाण्यात उतरू नका. शाळेत मुलांना पोहणे शिकवतात. आणि लहानथोरांना पाच नियम सांगितले जातात : पोहायला शिका. एकट्याने पाण्यात जाऊ नका. वारा आणि पाणी ओळखा. किनाऱ्याची माहिती करून घ्या. मुलांना नजरेआड होऊ देऊ नका.

तिसऱ्या नियमाचा अनुभव आम्हांला तिथेच आला. पुतण्याच्या मुलीने हवा भरलेली रबरी चकती बेटाच्या बाहेरच्या पाण्यात नेण्याचा हट्ट धरला. तिची आई म्हणाली, “वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतोय, आज ही चकती बाहेर न्यायची नाही.” पाणी आरशासारखे सपाट दिसत होते, म्हणून आम्हांला आधी नवल वाटले. मग उलगडा झाला. असा वारा लाटा उठू देत नाही, पण हलकी चकती मुलासकट भराभर आत ओढून नेतो. म्हणजे सपाट दिसणारे पाणीच कधी कधी दगा देते. पोर थोडा वेळ रुसली आणि मग आतल्या उथळ पाण्यात रमली.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे

तिकडे सगळे गोडच आहे असे आम्ही म्हणणार नाही. पाणी थंड; भर उन्हाळ्यातही 20 अंशांच्या आसपासच. काही दिवस शेवाळ कुजून वास येतो. पाण्यात जेलीफिश असतात; पांढरे बिनधोक, पण तांबडे अंगाला लागले तर आग होते. ढगफुटीसारखा पाऊस झाला की सांडपाणी समुद्रात येते आणि पोहणे थांबवावे लागते. गर्दीच्या दिवशी कचरा होतो. रिकाम्या बाटल्या-डबे गोळा करून, दुकानात परत देऊन चार पैसे मिळवणारी माणसे आम्ही तिथेही पाहिली. श्रीमंत देशातही गरिबी आहे.

आणि सर्वांत बोचणारी गोष्ट अशी, की मेट्रो आली, किनारा सुधारला, तशा आमागरवरच्या घरांच्या किमती चढत गेल्या. ज्या कामगारांच्या पिढ्यांनी ‘मैल्याचे बेट’ हे नाव सोसले, त्यांच्या मुलांना आज तिथे घर घेणे जड जाते. वाळू फुकट आहे, पण वाळूजवळचे छप्पर महाग झाले आहे. किनाऱ्याचा हक्क कायद्याने राखला, तसा घराचा हक्कही राखावा लागतो, हा धडा यातून घेण्यासारखा आहे.

वाचक बंधू-भगिनींनो, आपल्यापैकी फार थोड्यांना डेन्मार्कला जायला मिळेल. त्याने काही बिघडत नाही. पण समुद्र आपल्यालाही आहे, आणि रजेच्या दिवशी आपलीही मुले पाण्याकडे धाव घेतात. तिकडच्या कामगाराला किनारा आपोआप मिळाला नाही. 1934, 1937, 1938, 2002, 2005 अशा एकेक पायरीने तो मिळत गेला, आणि दर पायरीला कुणीतरी सभेत, कचेरीत, नगरपालिकेत मागणी लावून धरली होती. आपल्या गावच्या किनाऱ्यावर जीवरक्षक आहे का, संडास आहे का, वाट मोकळी आहे का, गटाराचे पाणी कुठे सोडले आहे, हे प्रश्न आपल्या नगरसेवकाला, सरपंचाला विचारायला पासपोर्ट लागत नाही. तोवर वर दिलेले पाच नियम कागदावर लिहून घरात लावा आणि पुढच्या सहलीच्या आधी मुलांकडून म्हणून घ्या. आमचा समुद्र अंगावर येणारा आहे, त्यांच्यासारखा शांत नाही. म्हणून आपल्याला त्या नियमांची गरज अधिक आहे.