जुनी विंडोज, नव्या संगणकात

व्हर्च्युअल मशीन म्हणजे चालू संगणकाच्या आत सॉफ्टवेअरने उभा केलेला दुसरा संगणक. सोलापूरसारख्या चादर-टॉवेलच्या शहरात जॅकार्ड डिझाइनचा किंवा मराठी डीटीपीचा एखादा जुना प्रोग्राम विंडोज एक्सपीवरच चालत असेल, तर व्हर्च्युअल मशीनचा खरा उपयोग कळतो. एक्सपीचे नियमित सुरक्षा अपडेट ८ एप्रिल २०१४ नंतर थांबले.

व्हर्च्युअल मशीनचे सॉफ्टवेअर निवडताना आधी पाहावे ते यूएसबी पासथ्रू, म्हणजे संगणकाला लावलेले यूएसबी उपकरण आतल्या विंडोजला वापरता येणे. जुने व्यावसायिक प्रोग्राम अनेकदा डोंगल, म्हणजे परवान्याची छोटी किल्ली, लावल्याशिवाय उघडतच नाहीत. तो आतल्या विंडोजला दिसला नाही, तर बाकीच्या सोयी कुचकामी. डोंगल जुन्या प्रिंटर पोर्टचा असेल तर काम आणखी अवघड. आजच्या लॅपटॉपना ते पोर्टच नसते.

त्यानंतर शेअर्ड फोल्डर, म्हणजे डिझाइनची फाइल पेनड्राइव्हशिवाय आतबाहेर नेता येते.

स्नॅपशॉटने बिघडलेले मशीन आधीच्या स्थितीत परत आणता येते. मात्र स्नॅपशॉट म्हणजे बॅकअप नव्हे. डिस्क गेली की मशीन आणि स्नॅपशॉट दोन्ही जातात.

सुरक्षा अपडेट थांबलेले असल्याने आतल्या एक्सपीचे इंटरनेट वेगळे तोडता आलेच पाहिजे.

व्हर्च्युअलबॉक्स नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये या सोयी आहेत आणि त्याचा गाभा मुक्तस्रोत आहे. मशीन सुरूच होत नसेल, तर बायोसमध्ये व्हर्च्युअलायझेशन बंद आहे का, ते तपासावे.