वर्ध्याची उंची, अपोलो बंदराचं माप

वर्धा स्थानकाच्या पिवळ्या फलकावर नावाखाली समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते. समुद्र इथून शेकडो किलोमीटर लांब, पण ती सपाटी ठरवायला आधी समुद्रच मोजावा लागला. आणि समुद्र तर घटकाभरही सपाट राहत नाही. मुंबईत उधाणाला पाणी साडेचार मीटरच्या वर जातं, भांगाच्या दिवसांत फारसं चढतही नाही आणि उतरतही नाही. शिवाय चंद्राच्या कक्षेचं 18.6 वर्षांचं चक्र आहेच. खरी सरासरी हवी तर साधारण 19 वर्षं अहोरात्र नोंद पाहिजे. हे काम माणसाच्या डोळ्याचं नव्हे, यंत्राचंच.

मुंबईच्या अपोलो बंदरावर असं भरतीमापक यंत्र बसलं. तिथली 1878 पासूनची नोंद हिंदी महासागराच्या उत्तर भागातल्या सर्वांत जुन्या नोंदींपैकी एक आहे. पुढे सर्व्हे ऑफ इंडियाने 1909 मध्ये देशातल्या उंचींचा पाया ठरवला, तो कराची ते फॉल्स पॉइंट अशा नऊ बंदरांवरच्या निरीक्षणांवरून. त्यांत मुंबई होती.

जुन्या यंत्राची रचना साधी आणि फार विचारपूर्वक केलेली. धक्क्यालगत एक उभी विहीर, तळाशी लहानसं भोक. त्यातून भरतीचं पाणी सावकाश आत येतं, लाटांची खळबळ मात्र बाहेरच राहते. आत तरंगणारा फ्लोट, त्याची तार कप्पीवरून गेलेली, दुसऱ्या टोकाला वजन. पाणी चढलं की पेन्सिल सरकते आणि घड्याळाच्या गतीने फिरणाऱ्या रुळावरच्या कागदावर रेघ उमटते. दिवसातून दोन भरत्या, दोन ओहोट्या. घड्याळाला चावी द्यायची, कागद बदलायचा, भोकात गाळ किंवा कालवं साचू द्यायची नाहीत. या साफसफाईला मी फार महत्त्व देतो, कारण तुंबलेली विहीर बंद पडत नाही, खोटी रेघ काढत राहते.

1945 च्या नोव्हेंबरात मकरान किनाऱ्याजवळ भूकंप झाला, त्सुनामी मुंबईपर्यंत आली आणि तिच्या लाटा या यंत्राच्या कागदावर उमटल्या. पण खरी कमाई संथ बदलाची आहे. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी मुंबईची 1994 पर्यंतची नोंद तपासली, तेव्हा पाणी शतकाला साधारण आठ सेंटिमीटर चढल्याचं दिसलं. रोज काही मीटर वर-खाली होणाऱ्या पाण्यातून एवढीशी वाढ हाती लागते, ती केवळ नोंद दीर्घकाळ चालू राहिली म्हणून.

2004 च्या त्सुनामीनंतर देशभरच्या किनाऱ्यावर रडार आणि दाब मोजणारी यंत्रं आली. त्यांचे आकडे उपग्रहामार्फत हैदराबादच्या ‘इन्कॉइस’च्या इशारा केंद्रात काही मिनिटांत पोचतात. यंत्र बदलताना मात्र जुनं आणि नवं काही काळ शेजारी-शेजारी चालवावं लागतं, धक्क्याजवळच्या पक्क्या खुणेशी दोन्हींचं शून्य ताडून घ्यावं लागतं. तो धक्का स्वतःच खचत असेल, तर पाणी न वाढताही वाढल्यासारखं दिसेल.