काचरसाचे वर्णपटीय निरीक्षण

भट्टीतील वितळलेल्या काचेतून (काचरसातून) बाहेर पडणाऱ्या किंवा तीत शोषल्या जाणाऱ्या प्रकाशाच्या वर्णपटावरून तिचे तापमान व रासायनिक संघटन ठरविण्याची पद्धत.

भंडारा जिल्ह्यातील डोंगरी बुजुर्ग (ता. तुमसर) येथील उघड्या खाणीतून मँगॅनीज डाय-ऑक्साइडयुक्त धातुक मिळते. शुष्क विद्युत् घटांसाठी ते प्रसिद्ध आहे. परंतु मँगॅनीज डाय-ऑक्साइडाचा काचधंद्यातील उपयोग त्याहून पुष्कळ जुना आहे. वाळूतील लोहामुळे काचेस हिरवट छटा येते. हे द्रव्य निळसर-हिरव्या फेरस आयनांचे फिकट पिवळसर फेरिक आयनांत रूपांतर करते आणि त्रिसंयुजी मँगॅनिजाची जांभळी छटा उरलेला पिवळसरपणा झाकते. म्हणून त्यास ‘काचेचा साबण’ म्हणतात. मात्रा कमी पडल्यास काच हिरवट राहते, अधिक झाल्यास जांभळी होते. नमुना थंड करून तपासण्यात वेळ जातो व तोपर्यंत सदोष काचरस पुढे गेलेला असतो.

काचेत फेरस आयनांचे शोषण सु. १,०५० नॅमी., फेरिक आयनांचे सु. ३८० नॅमी. व त्रिसंयुजी मँगॅनिजाचे सु. ४९० नॅमी. तरंगलांबीस आढळते (१ नॅमी. = मीटरचा अब्जांश). फेरस आयन अवरक्त प्रारण शोषून घेत असल्याने त्यांचे प्रमाण वाढल्यास उष्णता भट्टीच्या तळापर्यंत नीट पोहोचत नाही. मात्र सु. १,५००° से. तापमानास काचरस स्वतःच प्रकाशमान असतो व शोषणपट्ट रुंदावून एकमेकांत मिसळतात. दुसऱ्या एका पद्धतीत लेसर स्पंदाने पृष्ठभागाचा सूक्ष्म अंश आयनद्रायूत रूपांतरित करून त्याच्या प्रकाशातील मूलद्रव्यांच्या रेषा पाहतात.

मिसळलेल्या पट्टांचा अर्थ लावण्यासाठी सांख्यिकीय प्रतिमान वापरतात. संघटन ज्ञात असलेल्या अनेक नमुन्यांचे वर्णपट घेऊन सर्व तरंगलांब्यांवरील तीव्रतांचा संघटनाशी संबंध प्रस्थापित करतात. मिळणारी मूल्ये डब्ल्यू. ए. शूहार्ट यांनी १९२४ मध्ये सुचविलेल्या नियंत्रण आलेखावर मांडल्यास नेहमीचा चढउतार व खरा बिघाड यांत भेद करता येतो.

किरणोत्सर्गी अपशिष्ट काचेत बद्ध करताना, उदा., तारापूर (जि. पालघर) येथील संयंत्रात, हाताने नमुना घेणे धोक्याचे असते. म्हणून अशा कामी दुरून करावयाच्या परीक्षणास विशेष महत्त्व आहे.

तथापि प्रतिमान ज्या नमुन्यांवरून बनविले, त्यांच्या मर्यादेतच ते विश्वसनीय असते. वाळूचा किंवा धातुकाचा स्रोत बदलल्यास ते चुकीचे मूल्यही तितक्याच नेमकेपणाने दर्शविते. म्हणून प्रयोगशाळेतील रासायनिक विश्लेषणाशी त्याचा वेळोवेळी पडताळा घेणे आवश्यक असते.