चुंबळीवरचे 20 किलो

सह्याद्रीतल्या चार दिवसांच्या भटकंतीसाठी नवी सॅक घेतली होती. लिटरच्या बारा बाटल्या पाण्याने भरल्या की साधारण 12 किलो होतात. तेवढं ओझं पाठीवर घेऊन मार्वेहून फेरीबोटीने मनोरीला उतरलो, किनाऱ्यावर चालून बघायला. कमरेचा पट्टा हाडावर नीट बसला, तर वजन खांद्यांवरून उतरतं. बाकी परीक्षा नाही.

धक्क्यावर एक कोळीण मावशी बोटीची वाट बघत होती. सॅककडे बघून म्हणाली, "किती?"

"12 किलो."

"माझी पाटी 20. त्याच्यावर एक मांदेली नाय."

परदेशातल्या शिकाऱ्यांच्या सॅकला ताठ सांगाडा असतो, मारलेल्या जनावराचं मांस डोंगरावरून पाठीवर उतरवण्यासाठी. आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव कायद्याने शिकारीवर बंदी आहे. पण पाण्यातून काढलेलं अंगावर वाहून बाजारात नेणं मनोरीत रोजचं आहे. मावशी नवी पाटी घेणार होती, म्हणून पुढच्या शनिवारी पुन्हा गेलो.

ऑगस्टची सुरुवात. 1 जून ते 31 जुलैची मासेमारीबंदी नुकतीच उठलेली, जुन्या पाटीच्या बुडाला पावसाळ्यात बुरशी धरलेली. बुरुडाकडच्या तीन नव्या पाट्या अंगणात पालथ्या होत्या. ओल्या बांबूचा हिरवा वास, आणि त्याला लागूनच जुन्या पाटीचा, वर्षानुवर्षांच्या बोंबलांचा.

पहिली पाटी तिने उचलली, काठ दोन्ही हातांनी पिळला. करकरला. "काठ बोलला तर घ्यायची नाय." दुसरीच्या आतून तळवा फिरवला आणि थांबली, बोटात कूस गेली होती. तिसरी उन्हाकडे धरून कामट्यांमधल्या फटी बघितल्या, बादलीभर पाणी ओतलं. पाणी साचता कामा नये, साचलं तर मासळीआधी तेच डोक्यावर. मग पाटीत मिठाची 20 किलोची गोणी ठेवली, लुगड्याच्या तुकड्याची चुंबळ वळून डोक्यावर बसवली, शेजारणीला हाक मारली. दोघींनी पाटी चढवली. मावशी अंगणात तीन फेऱ्या चालली. मान जराही हलली नाही.

1986 साली 'नेचर'मध्ये केनियातल्या लुओ आणि किकुयू बायकांवरचा अभ्यास आला होता. स्वतःच्या वजनाच्या 20 टक्क्यांपर्यंतचं ओझं त्या जादा शक्ती न खर्चता नेत होत्या. त्याच्या पुढच्या किलोला मात्र शरीर किंमत मोजतं. मावशी असेल पन्नासेक किलोची. तोच हिशेब तिला लावला, तर पहिले 10 किलो फुकट. उरलेले 10 ती रोज स्वतःच्या हाडांतून भरते. वाहणाऱ्या बाईचं कौतुक आपण फार करतो. मला त्या दुसऱ्या 10 किलोंचा राग येतो.

माझी सॅक मी एकटा चढवू शकतो. पाटी एकटीला चढत नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे ओहोटी होती, धक्क्याच्या खालच्या पायऱ्या शेवाळाने निसरड्या. नवी पाटी बोंबलांनी भरलेली. शेजारीण अजून आली नव्हती.

"पोरा, हात लाव."

ती वाकली. मी काठ धरला, तो बोलला नाही. पाटी चुंबळीवर टेकली आणि हातातलं वजन एकदम गेलं. मावशी सरळ झाली, पायरी न बघता पावलाने चाचपत बोटीकडे उतरू लागली. माझे हात कोपरापर्यंत ओले होते.