गायरानाला विसावा हवा

जून महिन्यात पहिला पाऊस पडताच गावोगावची जनावरे माळरानावर सोडली जातात. उन्हाळाभर कडब्यावर दिवस काढलेल्या गुरांना कोवळी हिरवळ मिळते, हे खरे. परंतु कुरणाच्या दृष्टीने वर्षातील हाच काळ सर्वांत नाजूक होय. बहुवार्षिक गवताचे ठोंब या वेळी मुळांशी साठविलेल्या अन्नावर नवे धुमारे फोडीत असतात. पाने पुरेशी वाढण्यापूर्वीच ती वारंवार खुडली गेली, की हा साठा संपतो, मुळे आखूड होतात आणि कालांतराने ठोंबच मरून जातो.

त्यातही जनावरे निवडून खातात. मारवेल, पवना यांसारखी सकस गवते आधी फस्त होतात. कुसळी मागे राहते, तिचे बी पडते आणि मोकळ्या जागी तीच पसरते. तिची अणकुचीदार कुसळे गुरांच्या तोंडात व मेंढ्यांच्या लोकरीत रुततात. माळ कुसळीने भरला असेल, तर दोष बहुधा जमिनीचा नसून चराईचा असतो. पुढे तीही विरळ झाली, की उघडी माती पावसाबरोबर वाहू लागते.

यावर चक्राकार चराई हा उपाय आहे. गायरानाचे चार भाग पाडावेत. त्यांपैकी एक भाग गवताचे बी पडेपर्यंत पूर्ण बंद ठेवावा व उरलेले तीन आळीपाळीने चारावेत. बंद भाग दरवर्षी बदलल्यास प्रत्येक भागाला चार वर्षांतून एकदा विसावा मिळतो. कुसळी फुलोऱ्यातच कापावी, म्हणजे ती बऱ्यापैकी वैरण ठरते. अगदी उजाड माळावर मात्र काही वर्षे चराईबंदी करून मारवेलचे ठोंब लावावेत व स्टायलोचे बी फोकावे.

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील हिवरे बाजार या अवर्षणप्रवण गावाने १९९०च्या दशकात चराईबंदी व कुऱ्हाडबंदी स्वीकारली. डोंगरउतारावर समतल चर खोदले गेले, गवत वाढले. ते कापून नेण्याची मुभा ग्रामस्थांना मिळाली आणि दूधव्यवसाय वाढीस लागला.

चराईबंदीचा भार मात्र सर्वांवर सारखा पडत नाही. बांधावर वैरण असलेला बागायतदार ती सहज पाळतो. दोन शेळ्यांवर संसार चालविणाऱ्या भूमिहीन बाईने काय करावे? कापणीचा पहिला हक्क अशा कुटुंबांना न दिल्यास बंदी रात्री मोडली जाते आणि तो दोष त्यांचा म्हणता येत नाही. वाटेवरच्या धनगरांच्या मेंढ्यांसाठीही एक पट्टा व ठराविक दिवस राखावेत.

महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम २२ नुसार गुरचरणासाठी जमीन राखून ठेवता येते. गावाच्या सामायिक जमिनींवरील अतिक्रमणे हटविण्याचे निर्देश सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये राज्यांना दिले आहेत. तेव्हा ग्रामपंचायतीने प्रथम गायरानाची मोजणी करून हद्द कायम करावी. बंद भाग कोणता, गवत कोण व केव्हा कापणार, याचा ठराव मात्र ग्रामसभेत मे महिन्यातच व्हावा. पाऊस पडल्यावर गुरे थांबत नाहीत.