वाढदिवस एक दिवस आधी का दिसला?

ऐरोलीत बसून मी वाढदिवसाची आठवण देणारं छोटं ॲप बनवलं. माझ्या फोनवर सगळं ठीक. पण न्यू जर्सीतल्या दादाच्या फोनवर १५ ऑगस्टचा वाढदिवस १४ तारखेला दिसला!

झालं काय, तर जावास्क्रिप्टच्या ‘डेट’ला वर्ष-महिना-दिवस अशी नुसती तारीख दिली, की ते यूटीसीप्रमाणे मध्यरात्र धरतं. तेव्हा आपल्याकडे पहाटेचे ५:३० वाजलेले असतात, म्हणून तारीख बरोबर दिसते. न्यू जर्सीत मात्र आदल्या रात्रीचे ८ वाजलेले असतात.

मी डॉक्युमेंटेशनमधली फंक्शन्सची यादी वाचत बसलो होतो. खरं तर सुरुवातीलाच एक प्रश्न हवा होता: तुम्हाला कॅलेंडरवरची तारीख हवीय की जगभर एकच असणारा क्षण?

२०१४ च्या जावा ८ मध्ये यांना वेगळी नावं आहेत: ‘लोकलडेट’ आणि ‘इन्स्टंट’. लोकलडेटच्या डॉक्युमेंटेशनमध्ये वाढदिवसाचंच उदाहरण आहे. ते वाचलं की घोळ होत नाही.

म्हणून नवी लायब्ररी शिकताना फंक्शन्स पाठ करू नका, आधी हा प्रश्न विचारा. आणि कधी तुम्ही डॉक्युमेंटेशन लिहाल, तेव्हा वाढदिवस आणि व्हिडिओ कॉल ही दोन उदाहरणं पहिल्याच पानावर द्या.